पाया किती?

श्रीगोंद्याला माझ्या भाचीच्या लग्नात आचारी टॉवेलला हात पुसत पंगतीत आला आणि म्हणाला, "मठ्ठा सगळ्यांना लई आवडला बरं का." माझ्या शेजारी आमच्या ऑफिसातल्या भालेराव मॅडम बसल्या होत्या. त्यांनी तोंडाशी नेलेली जिलेबी परत ताटात ठेवली आणि विचारलं, "पाया किती?"

आचारी माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी म्हणालो, "किती जणांना विचारून तुम्ही हे सांगताय, असं त्यांना म्हणायचंय."

"इचारायचं काय त्यात? पिंप रिकामं झालं."

मॅडमचा चेहरा एकदम खुलला. "हे चालेल," त्या म्हणाल्या, "हे मोजलेलं हाय." आणि त्यांनी जिलेबी उचलली. समोरून आमचे दाजी डोळे वटारून माझ्याकडे बघत होते, ही कुठली बाई लग्नाला आणलीस म्हणून. आता दाजींना काय सांगणार? अशी बाई मी उभ्या जन्मात दुसरी पाहिलेली नाही, हे काही पंगतीत ओरडून सांगता येत नाही. म्हणून इथं निवांत सांगतो.

आमचं ऑफिस नगरला, सावेडीत, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मॅडमनी लगोलग सगळ्या तक्त्यांचे मथळे बदलले, पण बोलताना त्याही नगरच म्हणतात. आम्ही सर्व्हे करतो. आमची माणसं मोबाईल घेऊन गावोगाव हिंडतात, लोकांना प्रश्न विचारतात, उत्तरं कॉम्प्युटरवर येऊन पडतात. शेवटी त्याचा अहवाल होतो, तो मी लिहितो. पण या दोन्हींच्या मधे एक काम असतं, जे जगाला माहीत नाही आणि माझ्या बायकोला तर मला आजवर समजावून सांगता आलेलं नाही. ते म्हणजे अहवालाच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ते मांडायचं काम. ओळीत काय घ्यायचं, रकान्यात काय घ्यायचं, कुणाला गाळायचं, कुणाकुणाची मोट बांधायची, टक्के उभे काढायचे का आडवे. आणि प्रत्येक तक्त्याच्या बुडाशी, हा प्रश्न किती जणांना विचारला तो आकडा. त्याला आम्ही पाया म्हणतो. यातली मेख अशी की मांडणी साफ चुकली तरी तक्ता दिसायला गोरागोमटाच दिसतो. हे काम कित्येक वर्षं भालेराव मॅडम करत होत्या आणि मी त्यांच्या तक्त्यांखाली वाक्यं चिकटवत होतो.

मॅडम मूळच्या नेवाशाच्या. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या. बुटक्या, चष्मा कायम कपाळावर, आणि बोलणं एरवी अगदी ऑफिसचं, पण चिडल्या किंवा खूश झाल्या की गाडी थेट नेवाशाला जाऊन थांबायची.

नवा सर्व्हे आला की पहिला सगळा दिवस त्या कॉम्प्युटरला हात लावत नसत. प्रश्नावली घेऊन बसायच्या, प्रश्न मोठ्यानं वाचायच्या आणि स्वतःच उत्तरं द्यायच्या. नुसती नाही, वेगवेगळी माणसं होऊन. कधी आमच्या अकोले तालुक्यातला भाताचा शेतकरी, कधी घाईत असलेली सून, कधी कमी ऐकू येणारे आजोबा. "घरात किती माणसं?" असं आपल्याच आवाजात विचारायच्या आणि लगेच म्हातारीचा आवाज काढून म्हणायच्या, "आता कशाची मानसं बाबा, पोरं पुन्याला." मग बराच वेळ छताकडे बघत बसायच्या. "शिंदे," मला म्हणायच्या, "हे 'पोरं पुन्याला' कुठल्या ओळीत बसवायचं?" खालच्या दुकानातला पत्रे मोजणारा माणूस एकदा वर येऊन मला हळूच विचारून गेला, की वर कुणाला बाहेरची बाधा झालीय का, मारुतीला नारळ फोडायचा का.

मी सुरुवातीला हसायचो. मग एकदा हसणं बंद झालं, ते सांगतो.

त्याच अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या गावांचा एक सर्व्हे होता, दवाखान्याला जाण्यायेण्याबद्दल. उत्तरं आली, मॅडमनी तक्ते काढले, मी आपला चहा पीत वाट बघत होतो. मॅडमनी एका गावाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं आपला माणूस गेलाच नाही."

"कशावरून? सगळी उत्तरं भरलेली आहेत की."

"तेच म्हणते. सगळी भरलेली हायेत. एवढ्या मोठ्या गावात एकसुद्धा 'माहीत नाही' न्हाई? एक म्हातारी 'मला न्हाई बाबा ठावं' म्हणाली न्हाई? शिंदे, माणसं इतकी ठाम नसतात."

आमच्या साहेबांनी, खाडे साहेबांनी, त्या माणसाला फोन लावला. पाऊस लागला होता, रस्ता बंद होता, म्हणून पठ्ठ्यानं राजूरच्या जीपस्टॅंडवर भजी खात सगळ्या गावाची उत्तरं स्वतःच भरली होती. मी मॅडमच्या तोंडाकडे बघतच राहिलो. आम्हाला जिथं आकडे दिसत होते तिथं त्यांना गाव दिसत होतं, आणि नसलेलं गावही दिसत होतं. त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात टरकून असतो.

तरी भांडणं व्हायची. रिकाम्या ओळीवरून तर रोज. सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण केली की ज्या उत्तराला कुणीच हात लावला नाही, ती ओळ तक्त्यातून गायब होते. सगळी दुनिया ती खूण करते. मॅडम ती काढायच्या. मग तक्ता लांबायचा, दोन ओळी पुढच्या पानावर पडायच्या, आणि पान जुळवता जुळवता माझं डोकं फिरायचं.

"मॅडम, शून्याची ओळ छापून काय मिळतं?"

"कुणीच ते निवडलं न्हाई, हे मिळतं. आपण विचारलं आणि लोक 'न्हाई' म्हणाले. ते 'न्हाई' झाकायचं कशाला?"

'इतर' या शब्दावर तर त्यांचा दातच होता. यादीत न बसणारं उत्तर कुणी दिलं की आमची माणसं ते 'इतर'मध्ये टाईप करतात. बाकीचे लोक त्या सगळ्याचं एक गाठोडं करून तक्त्याच्या तळाला टाकतात. मॅडम प्रत्येक 'इतर' वाचायच्या, तेही आवाज काढून. "इतर म्हणजे आपला आळस," त्या म्हणायच्या, "तो माणूस स्वतःला इतर म्हणत नसतो."

आणि मग जेवणाची सुट्टी. आम्ही सगळे एका टेबलावर डबे उघडायचो. मॅडमच्या डब्यात भाजी कायम चार माणसांना पुरेल एवढी. त्या सगळ्यांना वाढायच्या, दोन घास खाली उतरू द्यायच्या, आणि मग प्रश्न यायचा. "कशी झालीय? एक ते पाच सांगा." कुणी "मस्त" म्हणालं तर चालायचं नाही. मस्त हा आकडा नाही. मी तर जेवताना कटकट नको म्हणून डोळे झाकून "चार" म्हणायचो. कारल्याला चार, दोडक्याला चार, मीठ विसरलेल्या पिठल्यालाही चार. एकदा त्यांनी चमचा खाली ठेवला. "शिंदे, सगळ्याला एकच आकडा देणारा माणूस आम्ही सर्व्हेतनं गाळतो, माहितीये ना?" तरीही दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात भाजी पडली आणि प्रश्नही आला. "आमच्याकडे शेंगदाण्याचं कूट जरा सढळ हातानं लागतं," असं काहीबाही त्या सांगायच्या. 'आमच्याकडे' म्हणजे घरात दहा-बारा माणसांचा राबता असणार, असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधीच नाही.

आता त्या डब्याच्या सर्व्हेचं सांगतो.

पुण्याच्या एका संस्थेला तालुक्याच्या गावांत म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा घरपोच द्यायचा होता. आधी नेवासा आणि श्रीगोंदा. लोकांना हवा आहे असं दिसलं तर सुरू करणार, नाहीतर योजना दुसऱ्या जिल्ह्यात नेणार, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. तक्ता कसा हवा त्याचा नमुनाही त्यांनीच पाठवला होता. लहान कुटुंब म्हणजे एक किंवा दोन माणसं, मग मध्यम, मग मोठं. मॅडम त्या आठवड्यात रजेवर होत्या, म्हणून खाडे साहेबांनी नमुन्याबरहुकूम तक्ता स्वतःच काढला. लहान कुटुंबातही बहुतेकांचं उत्तर 'नको' असं आलं. मी खाली वाक्य लावलं, 'डब्याची मागणी आढळत नाही.' अहवाल संध्याकाळी जायचा होता. दुपारी मॅडम रजेवरून आल्या, त्यांनी तक्ता पाहिला आणि चष्मा कपाळावरून नाकावर आला. हे फार क्वचित व्हायचं.

"एक आणि दोन एकत्र कुणी केले?"

"संस्थेचा नमुना आहे, मॅडम," खाडे साहेब म्हणाले. "सगळीकडे असंच करतात."

"सगळीकडे म्हणजे? पाया किती?"

मॅडमचा आवाज चढला, आणि गाडी नेवाशाला लागली. "अहो साहेब, घरात दोन मानसं असली की चूल पेटतीच. एकमेकांसाठी का हुईना, डाळ शिजती. एकटं मानूस सकाळच्या चहात पाव बुडवून खातं आन दिवस काढतं. एकाला आन दोनाला एका ओळीत बसवायचं? पाच आन सहाची मोट बांधा, माझं काय म्हननं न्हाई. एक आन दोनची बांधू देनार न्हाई मी."

त्यांनी खुर्ची ओढली आणि तक्ता पुन्हा मांडायला घेतला. मी मागे उभा राहून बघत होतो. मोट सुटली, ओळी वेगळ्या झाल्या. पण पडद्यावर दोन माणसांची ओळ होती, तीनची होती, चारची होती. एकची नव्हतीच.

"बघा," साहेब म्हणाले, "सॉफ्टवेअरलाच मंजूर नाही." एकटी राहणारी माणसं इतकी थोडी होती, की एवढ्या लहान पायावर भरवसा ठेवू नये म्हणून सॉफ्टवेअर ती ओळ आपोआप लपवत होतं. मॅडमनी कुठं तरी आत जाऊन तीही खूण काढली. एकची ओळ वर आली, आकड्याशेजारी एक चांदणी घेऊन. चांदणी म्हणजे पाया लहान आहे, जपून वाचा.

आम्ही जपून वाचलं. तिथंही 'हो' फारसे नव्हते. माझा जीव खट्टू झाला. खरं सांगतो, तोवर मीही मॅडमच्या बाजूनं झालो होतो. पण त्या ओळीत 'नको'सुद्धा थोडेच होते. बहुतेक सगळे 'इतर'मध्ये जाऊन बसले होते. मॅडमनी 'इतर' उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. या खेपेला आवाज काढले नाहीत. आपल्याच आवाजात, सावकाश वाचलं.

"डब्याचं काय न्हाई, पन आननारा घडीभर बसंल का?"

"डबा नको. मानूस आलं तर चालंल."

"आमटी मी करते. तुमच्या पोरानं यावं आन जेवून जावं."

खाडे साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. तरी म्हणाले, "मॅडम, हा पर्यायच प्रश्नात नव्हता. आपण विचारलेलंच नाही."

"आपण विचारलं न्हाई तरी लोकांनी सांगितलं. याच्याहून पक्कं उत्तर आणखी काय पाहिजे?" आणि त्यांनी तक्त्यात नवी ओळ टाकली, 'डबा नको, माणूस हवं'.

"नमुना मोडला तर अहवाल परत येईल. पुढची कामंही जातील."

"मग ह्या अहवालावरनं माझं नाव काढा. पण ही ओळ राहणार."

त्यांचं नाव नसलेला अहवाल आमच्या ऑफिसातून आजवर गेला नव्हता. साहेब बराच वेळ खिडकीतून खाली उतरवले जाणारे पाईप बघत राहिले. मग मला म्हणाले, "शिंदे, खाली काय लिहिणार?" मी आधीचं वाक्य पुसलं आणि लिहिलं, 'एकटी राहणारी माणसं या पाहणीत थोडी आहेत. त्यांना काय हवं आहे ते मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं आहे.' मॅडमनी ते वाचलं. "शिंदे, हे वाक्य पाचातलं पाच," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

अहवाल गेला. दोन-चार दिवस फोन वाजला की आम्ही दचकायचो. मग पुण्याहून त्या संस्थेच्या बाईंचा फोन आला, की ती चांदणीची ओळ कुणी टाकली? साहेबांनी छाती अशी फुगवली, जणू चांदणी त्यांनीच चिकटवली होती, पण नाव मॅडमचंच सांगितलं. योजना सुरू झाली, आणि आता नेवाशात डबेवाला डबा ठेवून पळत नाही, बसतो, तिथंच जेवतो. आमटीवाल्या आजी तर त्याला आपल्या हातचं जेवू घालतात आणि संस्थेचा डबा भरलेला तसाच परत पाठवतात. संस्थेनं त्याबद्दल अजून तक्रार केलेली नाही.

पुढं मॅडम रिटायर झाल्या. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "सगळ्यांना तुमची आठवण येईल," आणि घाबरून पुढं म्हणाले, "पाया, संपूर्ण ऑफिस." मॅडम खूप हसल्या.

त्यांच्या जागी नव्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर आलं. त्यात म्हणे सगळे तक्ते आपोआप होतात. झाले, आणि आपोआपच सगळ्या लहान ओळी गायब झाल्या. तो लपवायचा चौकोन कुठं ठेवलाय ते मला काही केल्या सापडेना. जेवणाच्या टेबलावरही विचित्र शांतता होती. सगळे खाली माना घालून जेवायचे. भाजी कशी झालीय, कुणी कुणाला विचारत नव्हतं. शेवटी मी मॅडमना फोन केला.

"फोनवर नाही कळायचं ते," त्या म्हणाल्या. "घरी या, लॅपटॉप घेऊन. जेवायच्या वेळेला या."

पाइपलाइन रोडला त्यांचं घर. मी दहा-बारा माणसांच्या हिशेबानं किलोभर पेढे घेऊन गेलो. दार मॅडमनी उघडलं. आत टीव्ही नाही, आवाज नाही, दारात चपलांचा एकच जोड. मी पेढ्यांचा पुडा हातात धरून इकडंतिकडं बघत होतो.

"कुणाला शोधताय?"

"बाकीचे..."

"बाकीचे कोण? आई होती तोवर दोनची ओळ होती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली." त्यांनी माझ्या हातातला पुडा घेतला. "एवढे पेढे कोण खाणार, शिंदे?"

ती ओळ वर यावी म्हणून या बाई आपलं नाव काढायला निघाल्या होत्या, आणि मी मागे उभा राहून आकडे बघत होतो. त्या चार माणसांच्या भाजीचा मला तेव्हा उलगडा झाला. घरी त्यांना कशी झालीय हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यांचा सगळा पाया आम्ही होतो, आणि मी मेला डोळे झाकून चार म्हणत होतो.

मॅडमनी माझा लॅपटॉप घेतला, तीन ठिकाणी आत शिरल्या आणि तो लपलेला चौकोन कान धरून बाहेर काढला. "हा बघा. खूण काढली. परत कुणाला करू देऊ नका." मग उठून त्यांनी ताट वाढलं. हुलग्याचे शेंगोळे आणि बाजरीची भाकरी. माझ्यासमोर बसल्या. मी दोन घास खाल्ले, वाट बघितली. प्रश्न आला नाही. त्या नुसत्या माझ्या ताटाकडे बघत होत्या.

"पाच," मी म्हणालो.

"काय?"

"शेंगोळे. पाचातले पाच."

त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि मला नीट निरखलं. मी खरं सांगतोय का उरकतोय ते बघत असणार. शेंगोळे खरोखर पाचातले पाच होते. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"पाया किती?" त्यांनी विचारलं.

"एक."

"लई लहान हाय," त्या म्हणाल्या. "चांदणी लावावी लागंल."

"लावा. पण ओळ झाकायची नाही."

त्यांनी पदरानं चष्मा पुसला, माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली आणि म्हणाल्या, "एकदा विचारून भागत नाही. मंगळवारी परत विचारते. थालीपीठ आहे."

मंगळवारी मी खाडे साहेबांना बरोबर घेऊन गेलो. मॅडमनी दार उघडलं, आधी मला पाहिलं, मग माझ्यामागं पेढे घेऊन उभ्या असलेल्या साहेबांना पाहिलं. मग बाजूला सरून वाट देत म्हणाल्या, "या. आज दोनचा पाया झाला की."